ड्रायव्हर साहेबांची पाठवणी

माणूस आपले नशीब स्वतः घडवतो. परभणीतल्या एका सत्कार सोहळ्यात हे वाक्य मी पहिल्या रांगेत बसून ऐकले. सांगणारे गृहस्थ वडिलांनी काढलेल्या संस्थेचे अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगाखेड गाठले.

बसस्थानकासमोर सुशिला (फोडणी दिलेले ओले चुरमुरे) खाल्ला. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता लिंबू पिळले आणि सोनपेठची बस लागल्याचेही सांगितले. बसच्या नाकावर झेंडूची माळ होती. आत माझ्या शेजारी लाल कोटातले दोन भाऊ बसले. धाकटे शेषराव, हातात क्लॅरिनेट. थोरले नारायणराव, मांडीवर ढोल.

"कुणाचं लग्न?" मी विचारले.

"लगीन न्हाई," शेषराव म्हणाले. "डायव्हर सायेब आज रिटायर व्हायलेत. शेवटची खेप. सोनपेठला उतरले की वाजवायचं."

"त्यांनी बोलावलं?"

"त्यांला म्हाईतच न्हाई," नारायणराव म्हणाले. "ह्याला कोण बोलवतंय? म्हशीच्या खरेदीला वाजवलं, म्हैस दावं तोडून पळाली. धाव्वीच्या निकालाला वाजवलं, पोरगं नापास."

"नंतर झालं की पास."

"तवा न्हाई वाजवलं."

गोदावरीला इथे गंगाच म्हणतात. ती मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. एका खड्ड्यात ढोल मांडीवरून निसटला आणि गडगडत कंडक्टरच्या पायाशी गेला. "ह्याचं तिकीट काढलं का?" कंडक्टरने विचारले. नारायणराव ढोल आणायला उठले, तेवढ्यात शेषरावांनी खिडकीकडे तोंड करून मला खरे काय ते सांगितले. डीजे आल्यापासून बँडमधले एकेक जण पांगले, आता दोघे भाऊच उरलेत. दादा उद्या पुण्याला जायलाय, वॉचमन म्हणून. नवे काही जमले तर थांबेल, म्हणून जे सुचेल ते वाजवून बघायचे.

सोनपेठच्या स्थानकात ड्रायव्हरच्या पत्नी ओवाळणीचे ताट घेऊन उभ्या होत्या. बस थांबली, शेषरावांनी सूर लावला आणि घोटाळा लक्षात आला. या दोघांना सगळ्या चाली लग्नातल्या येत होत्या. त्यात निरोपाची एकच, नवरी सासरी निघताना वाजवायची. त्यांनी तीच धरली.

आधी लोक हसले. मग पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. तिचे बघून दुसरीने लावला. ही चाल ऐकली की रडायचे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. ड्रायव्हर साहेबांचा एक पाय पायरीवर आणि एक हात अजून स्टिअरिंगवर होता. तो सुटेना.

"आवो, सोडा की आता," पत्नी हळूच म्हणाल्या. "घरीच जायचंय."

वाजवून झाल्यावर चष्मा लावलेले एक गृहस्थ पुढे आले. सरकारी कचेरीत कारकून होते. "माझ्या निवृत्तीला याल का?"

"येऊ की," शेषराव म्हणाले. "कवा हाय?"

"दोन वर्षांनी."

शेषराव भावाकडे बघत राहिले. नारायणराव ढोलाची दोरी आवळत होते. ती आवळलेलीच होती.

"दोन वर्सांनी परत यायचंच, तर जायचं कशाला?" ते अखेर म्हणाले. "आन् ह्याला एकट्याला सोडलं तर सायबांना बी नवरी करंल."

शेषरावांनी भावाच्या खांद्यावरून ढोल काढून आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघे चहाला गेले.

दुपारच्या बसने मी परतलो. नशीब कसे घडते, हे मला अजूनही कुणाला सांगता येणार नाही. एक माणूस न बोलावता गेला आणि त्याचा भाऊ गावात राहिला, एवढे मात्र मी पाहिले. बसमध्ये शेजारी ते कारकून गृहस्थच होते. निवृत्तीचे वय वाढवण्याची चर्चा आहे, असे ते म्हणाले.