हॅलो घाटंजी, यवतमाळ बोलते

शीला राजूरकरला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. आवाज मात्र एकदा कानात शिरला की तो तिथेच मुक्कामाला. यवतमाळच्या भाजीबाजारात मागून कोणी "मेथी कशी दिली?" एवढंच म्हटलं तरी ही न वळता सांगते, "दिग्रसचे वानखडे ना तुम्ही? नंबर ब्याऐंशी." माणूस दचकतोच. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या घरचा फोन नंबर ब्याऐंशी होता, हे त्याचं त्यालाही आठवत नसतं. या कानांचा शीलाला भारी गर्व. आणि खरं सांगायचं तर गर्व करावा असं दुसरं फारसं काही तिच्याजवळ उरलेलंही नव्हतं.

ती ट्रंक ऑपरेटर होती. त्या काळी यवतमाळहून दुसऱ्या गावी फोन लावायचा तर आधी ऑफिसात नोंदवून वाट पाहत बसावं लागे. मग कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी पलीकडच्या गावच्या तशाच एका मुलीला हाक मारायची आणि दोघी मिळून दोन माणसं जोडून द्यायच्या. या मुली एकमेकींना गावाच्या नावानंच ओळखत. "हॅलो दारव्हा", "बोल वं पुसद". पाठीशी सुपरवायझर उभा, समोर बोर्डावरचे दिवे लुकलुकताहेत, नाव विचारायला फुरसत कोणाला? आधी विचारायचं राहून गेलं, आणि मग इतक्या उशिरा विचारायची लाज वाटू लागली. अशी शीलाची आठ वर्षांची जिवाभावाची मैत्रीण होती आणि तिचं नाव होतं घाटंजी. हसू नका. एसटीनं जेमतेम दीड तासाचं अंतर, मग एकदा जाऊन भेटायला काय झालं होतं, असं विचाराल, तर जाऊ की कधी तरी, असं म्हणता म्हणता ती आठ वर्षं गेली.

मैत्री जमली ती लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. त्या वेळेची ड्यूटी कोणालाच नको असायची, म्हणून ती नव्या पोरीच्या, म्हणजे शीलाच्या गळ्यात पडली. सहा वाजले की सगळा जिल्हा आपापल्या घरी पाटासमोर बसायचा आणि बोर्ड गप्प व्हायचा. तेव्हा घाटंजीहून आवाज आला होता, "यवतमाळ, एकटीच आहेस का वं? मीबी एकटीच आहो. दिवाळीच्या शुभेच्छा घे." दर वर्षी त्या संध्याकाळी घाटंजीच्या बोर्डावर तीच असायची. शीला विचारायची, "तुझं पूजन?" ती हसून म्हणायची, "आमचं काय, बोर्डालेच हार घातला."

सुपरवायझर मागे आला की बोलणं बंद. मग घाटंजी हातातल्या पेन्सिलीनं माउथपीसवर दोनदा टकटक करायची. मी आहे, पण आत्ता बोलता येत नाही, असा त्याचा अर्थ. तो दोघींनी कधी ठरवला नव्हता, आपोआपच ठरला.

लग्न झालं तरी शीलाची ती ड्यूटी सुटली नाही, कारण लेकरू होत नव्हतं. "तुला काय घाई घरी जायची?" असं बरोबरीच्या बाया तोंडावर म्हणायच्या. सासूबाईंनी केळापूरच्या देवीला नवस केला होता. एका लक्ष्मीपूजनाला शीला बोर्डावरच रडली, तर घाटंजी म्हणाली, "मीबी मागून राह्यली ना तुझ्यासाठी. लेकरू झालं का पयले मले सांगजो." आणि उन्हाळ्यात घाटंजीचा आवाज महिनाभर कोरडा पडायचा. तो शीलाला बरोबर ऐकू यायचा. "पाणी पी वं बाई, घसा वाळला तुझा," असं ती रोज दटावायची आणि आपल्या कानांवर खूश व्हायची. पलीकडून नुसतं हसू यायचं.

मग अनिमेष झाला. बाळंतपणाची रजा संपवून शीला परत आली ती मोठ्या उत्साहानं. बोर्डासमोर बसली तर घाटंजीचं एक्सचेंज ऑटोमॅटिक झालेलं. आता तिथे मुली नव्हत्या, आपोआप लागणारी लाइन होती. सांगायचं ते शीलाच्या पोटातच राहिलं. पुढे ती बिलांच्या काउंटरवर बसली, निवृत्त झाली, चार वर्षांपूर्वी नवरा सदाशिव गेला. अनिमेष बंगळुरूला आहे, या दिवाळीलाही सुट्टी मिळाली नाही म्हणाला. लक्ष्मीपूजनाला चार मिनिटं व्हिडिओवर दिसला. चार मिनिटांत मेलं काय बोलणार?

यंदा दसऱ्याच्या सुमारास रिटायर्ड लाइनमन डोमाजीनं 'जुना टेलिफोन परिवार' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि शीलाला त्यात घेतलं. एकशे चौदा माणसं! शीला हरखली. जिल्हाभरातले सगळे आवाज इथे एकत्र भेटणार होते. पण ग्रुपवर आवाज नव्हतेच. पणत्या होत्या, हलणाऱ्या रांगोळ्या होत्या, सोनेरी अक्षरांतली एकच कविता अकरा जणांनी पाठवली होती. चेहऱ्यांच्या जागी गुलाब, नातवंडं आणि शेगावचे महाराज. यातली घाटंजी कोणती, हे कसं ओळखावं?

तिनं डोमाजीला फोन केला.

"घाटंजीले तिघी जणी होत्या ना मॅडम," डोमाजी म्हणाला. "त्यातली एक त गेली. चार साल झाले."

"कोणती हो?"

"नाव नाई याद येऊन राह्यलं मले. कायले इचारता?"

"काही नाही," शीला म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. एवढी वर्षं ती घाटंजीला आज ना उद्या शोधू म्हणत होती. ती या जगातच नसेल, हे तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

मग तिनं धडाकाच लावला. ग्रुपातल्या एकूण एक बाईला स्वतःच्या आवाजात दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या, छत्तीस जणींना, प्रत्येकीला वेगळ्या. हेतू एवढाच की उलट आवाज यावा. आले ते जोडलेले हात आणि अंगठे. एकीनं फुलांचा गुच्छ पाठवला, तो उघडेना. दोघींनी बोलून उत्तर दिलं, पण त्या निघाल्या वणी आणि नेर. पुरुषांची आणि दुकानांची नावं तिनं सोडून दिली होती, बायकांमध्येच शोधायचं तर तिथे कशाला वेळ घालवा?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पूजा झाली. घरात एकच माणूस, त्यामुळे आरती लवकर आटपली. बाहेर फटाके वाजत होते. साडेसहा झाले तशी शीला फोन घेऊन खुर्चीत ताठ बसली, पूर्वी बोर्डासमोर बसायची तशी, आणि ग्रुपवरच बोलली. "हॅलो घाटंजी, यवतमाळ बोलते. लाइनवर आहेस का? दिवाळीच्या शुभेच्छा घे. मनापासून देते. आणि ऐक, मुलगा झाला गं. अनिमेष नाव ठेवलं. तेहतीस वर्षांचा आहे. पहिले तुलाच सांगायचं होतं, राहूनच गेलं. असशील तर बोल."

पाठवलं आणि दोन मिनिटांत त्यावर वीस पणत्या येऊन पडल्या. एका निवृत्त साहेबानं लिहिलं, "मॅडम, आता घाटंजी डायरेक्ट लागते." त्याखाली हसणारे सात चेहरे. कोणी तरी तेहतीस वर्षांच्या बाळाचं अभिनंदन केलं. शीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो निरोप पुसावा म्हणून तिनं बोट नेलं, पण पुसला तर घाटंजी ऐकणार कशी, म्हणून परत घेतलं. पाडव्याला दिवसभर फोन उशाशी होता. काही आलं नाही. चिवडा डब्यात होता, तोही तिनं चाखून पाहिला नाही.

भाऊबीजेच्या दुपारी फोन वाजला. 'आसिम सायकल मार्ट' या नावानं एक बोलका निरोप होता. हे नाव तिनं ग्रुपात पाहिलं होतं आणि कोण्या लाइनमनचा मुलगा असेल म्हणून सोडून दिलं होतं. आवाज मात्र एका तरुण बाईचा होता.

"नमस्ते आंटी, मी कहकशां बोलून राह्यली, घाटंजीहून. हा नंबर आमच्या दुकानाचा आहे. माझी सास, खैरुनबी, पयले टेलिफोनमधी होती. दोन साल झाले, लकवा मारला, तवापासून अम्मीले बोलता येत नाई. आज दुकान बंद होतं त तुमचा आवाज लावला. अम्मीनं पाच खेपा लावाले लावला. आता हातानं दाखवून पेन्सिल मांगून राह्यली. कायले ते मले नाई समजलं. तिनंच रेकॉर्ड कराले लावलं, म्हणून पाठवते."

त्याखाली आणखी एक निरोप होता, नऊ सेकंदांचा. शीलानं तो कानाला लावला. टक. टक. बाकी काही नाही.

ती रडली, हे सांगायला नकोच. पण रडता रडता मध्येच थांबली. खैरुनबी. उन्हाळ्यातला महिनाभराचा तो कोरडा घसा तिला आठवला. घाटंजीच्या मे महिन्यात रोजा धरून बोर्डावर बसलेल्या बाईला ती रोज पाणी पी म्हणून दटावत होती. दर लक्ष्मीपूजनाला घाटंजीच का असायची, तर बरोबरीच्या मुलींना घरी पूजेला जाता यावं म्हणून ती त्यांची ड्यूटी स्वतःवर घ्यायची. आणि आठ वर्षं तिच्याकडून दिवाळीच्या शुभेच्छा घेणाऱ्या शीलानं तिला एकदाही ईदेच्या दिल्या नव्हत्या. काय कामाचे हे कान, असं शीला मोठ्यांदा म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

कोडी सोडवायची पेन्सिल दिवाणाखाली सापडली. शीलानं बोलण्याचं बटण दाबून धरलं आणि फोनच्या पाठीवर दोनदा टकटक केलं.

"खैरुन," ती म्हणाली. नाव जिभेवर बसेना. "घाटंजी, यवतमाळ बोलते. ईद मुबारक. आठ वर्षांच्या सगळ्या ईदींची एकदमच घे, माझी चूक झाली. तू बोलू नकोस. उद्या पहिल्या एसटीनं मी येते, मीच बोलेन."

फोन हातात धरून ती बसून राहिली. बाहेर कोणाच्या तरी दारात भाऊ आला होता, लेकरं ओरडत होती. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं. आधी एक टक. मग बराच वेळ काहीच नाही, नुसता श्वास. मग दुसरी. तो श्वास शीलानं लगेच ओळखला.