भुतांना न मारणारी आक्का

आमची आक्का भुतांना मारायची नाही. मंगळवार पेठेत आमच्या शेजारच्या जैन कुटुंबातली ही थोरली लेक. माझ्या नात्यातली नव्हे, पण अख्ख्या गल्लीची आक्का तीच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिच्या भावानं, अण्णानं, टीव्हीला जोडायचा गेम आणला आणि त्याबरोबर एक जपानी कॅसेट. गोष्ट तिकडच्या लोककथेतली असावी. म्हाताऱ्या जोडप्याच्या झोपडीतून दोन पोरं निघायची आणि भुतांच्या रानातून डोंगरावरच्या देवळाकडं जायची. पोरांच्या हातात काठी होती, पण आक्का काठीचं बटण कधी दाबायचीच नाही.

"अगं, हाण की त्याला!" मी किंचाळायची.

"भूत झालं म्हणून काय झालं? त्यो बी जीवच हाय की. चुकवून जाऊया."

त्यामुळे आमचा खेळ म्हणजे नुसतं पळणं. मारता येणाऱ्या भुताची भीती फारशी वाटत नाही, चुकवायच्या भुताची मात्र फार वाटते. बांबूच्या बनातली पांढऱ्या केसांची म्हातारी तर आधी दिसायचीच नाही, नुसती घंटी वाजायची. मी आक्काचा दंड धरून डोळे गच्च मिटायची. "डोळं उघड," ती म्हणायची, "न बघता बसलीस तर जास्तच भ्या वाटतंय."

जपानी अक्षरं आम्हा दोघींनाही अगम्य, पण ती खुशाल वाचून दाखवायची: "बनातली म्हातारी म्हणत्या, पावणं, जेवून जावा." दिवस कलला की मात्र गेम बंद. जैन घर, सूर्यास्तानंतर जेवण नसे, म्हणून आधीच पानावर बसायचं. खेळ राखून ठेवायची सोय कॅसेटमध्ये नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपडीपासून सुरुवात.

आक्काच्या हृदयाची झडप लहानपणापासून बिघडलेली होती. जिना चढली तरी ओठ निळे पडायचे. "हितं कितीबी पळ, दम लागत न्हाय बघ," ती हसून म्हणायची. मला ते ऐकवत नसे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्यांदाच देवळाच्या पायऱ्यांपाशी पोचलो. तेवढ्यात दारात रिक्षा आली आणि अण्णा हाका मारू लागला. आक्कानं खेळ थांबवला. तिचा अंगठा बटणावरून निघत नव्हता. तिला भ्यालेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"बंद करू नगंस," ती म्हणाली. "आल्यावर पायऱ्या चढूया."

अण्णा तिला राजारामपुरीतल्या दवाखान्यात घेऊन गेला; आई घरीच जप करत बसली. मी तिच्या घरी टीव्हीपुढं राखण करत बसले. दुपारी लाईट गेली. लाईट काय, नेहमीच जायची. तरी तो काळा पडदा बघून तिच्या आईकडं बघायचा धीर होईना.

दिवस कलताना अण्णा एकटाच परत आला. चप्पल न काढताच आत येऊन भिंतीला टेकला. "आक्का गेली," एवढंच म्हणाला. आक्काच्या आईनं हातातली जपमाळ खाली ठेवली.

तेवढ्यात लाईट आली. गेमचं बटण चालूच राहिलं होतं. सुरुवातीची धून वाजली, झोपडीचं दार उघडलं आणि ती दोन पोरं पुन्हा बाहेर येऊन उभी राहिली. अण्णानं बंद करायला हात पुढं केला. मी तो धरला.

मग खेळत राहिले. बनात घंटी वाजली. डोळे मिटावेसे वाटले, पण उघडे ठेवले. काठी मात्र उगारली नाही.