कोरगावचा कौल आणि बायकोची पीएचडी

गोव्याला निघालोय म्हटल्यावर शेजाऱ्यांनी आधी समुद्राची चौकशी केली. समुद्र आम्ही पाहणारच नव्हतो. बायकोला, म्हणजे मेधाला, अर्थशास्त्राच्या पीएचडीसाठी दोन गावांत एक प्रयोग करायचा होता. पाच वर्षं रखडलेला प्रबंध या उन्हाळ्यात दिला नाही, तर नोंदणीच रद्द होणार होती. माझ्याकडे गाडी होती, रजा होती आणि मासे खायची तयारी होती. एवढ्या पात्रतेवर माझी सहायक म्हणून नेमणूक झाली, बिनपगारी.

कोल्हापूरहून पहाटे निघालात, तर आजरा, आंबोली करत न्याहारीला सावंतवाडी गाठता येते. घाटात धुकं असेल तर घाई करू नका. पुढे बांद्याहून दोडामार्गमार्गे डिचोलीचा रस्ता झाडीतून जातो आणि बऱ्यापैकी मोकळा असतो. डिचोलीत बाजाराजवळ साधी खोली मिळाली. दुपारी शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, आणि तळलेला बांगडा, दोनशेच्या आत. मेधा मात्र ताटाशेजारी वही उघडून बसली होती.

प्रयोग सोपा आहे. प्रत्येकाला दहा काजूगर द्यायचे. त्याने एकट्याने चादरीआड जायचं, हवे तेवढे आपल्या नंबरच्या वाटीत राखायचे, उरलेले मडक्यात टाकायचे. मडक्यातले दुप्पट करून सगळ्यांना सारखे वाटायचे. सगळ्यांनी सगळे टाकले तर सगळ्यांचंच भलं. पण आपले राखून दुसऱ्यांनी भरलेल्या मडक्यावर हात मारणाऱ्याचं जरा जास्तच भलं. कोण किती राखतो, त्यावरून माणसं एकमेकांवर कितपत विसंबतात ते कळतं म्हणे. चादर बांधणं हे माझं संशोधनातलं योगदान.

डिचोलीजवळच्या गावात सगळं झकास झालं. सिंधुदुर्गातून खाणीवर ट्रक चालवायला आलेला एक जण चादरीआडून ओरडला, "वयनी, हंयच खाल्ले तर चलात काय?" कुणी दोन राखले, कुणी आठ. मेधाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

दुसऱ्या दिवशी पातळ भाजी आणि गरम उंडे, म्हणजे इथले गोल पाव, खाऊन पेडण्याकडे निघालो. पेडण्याहून कोरगावला वळलात की दोन्ही बाजूंना काजूच्या बागा आणि पिकलेल्या बोंडांचा वास. गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

कोरगावात ज्यांच्याशी फोनवर बोलणं झालं होतं ते पुंडलिककाका देवळापाशी वाट पाहत होते. त्यांनी मेधाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरें आसा. पूण गावान मिळून कायय मांडचें, तर आदीं देवाक इचारूंक जाय."

म्हणजे आधी देवाचा कौल घ्यायचा. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. काकांनी गाऱ्हाणं घातलं. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर आम्ही परत कोल्हापूरला. मेधा एरवी राशिभविष्यालाही हसते. आता माझा हात तिने असा धरला होता की बोटं दुखली. देवाला बहुधा काजूची घाई नव्हती. बऱ्याच वेळाने उजवी पाकळी घरंगळली आणि मी चक्क टाळी वाजवली.

मंडपात चादर बांधली, खेळ झाला. वाट्या पाहिल्या तर एकूण एक रिकामी! सगळ्यांनी सगळे काजू मडक्यात टाकलेले. मला भरून आलं. मेधा मात्र पांढरीफटक पडली.

"अरे, गावात सगळ्यांनी एकसारखंच केलं तर कोण किती विसंबतो याची तुलना कशी करू?" ती कुजबुजली. "संपलं सगळं."

तिने शेजारी बसलेल्या सत्यवतीमावशींना विचारलं, एकही का नाही राखला? मावशींना प्रश्नच विचित्र वाटला. "देवाक इचारून मांडिल्लो खेळ, बाय. तातूंत कोण आपले राखतलो?"

मेधा पायरीवर बसून राहिली. मला तिची फार काळजी वाटली. मी चादर सोडून घडी घालायला घेतली. थोड्या वेळाने ती उठली आणि मावशींकडे गेली. "हाच खेळ उद्या तुमच्या घरी मांडला तर? त्यालाही कौल लागेल?"

"घरा कित्याक कौल? घरचो खेळ तो, गावाचो न्हय. येयात पडवीर. च्या घेवन खेळूंया."

दुसऱ्या दिवशी पडवीत तीच माणसं, तेच मडकं, तीच चादर. यावेळी वाट्या वाजत होत्या. मावशींनी तर गुपित ठेवायचं सोडून सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हांवें सात राखले! नातू येतलो म्हजो." पडवीभर हशा झाला. मेधा हसता हसता रडायला लागली आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

तिच्या गाईड मॅडमना तिने तिथूनच फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "तीच माणसं देवळातून फक्त पडवीत आणलीस? अगं, हेच तुझं मुख्य प्रकरण!" छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. परतीच्या वाटेवर आंबोलीत कांदाभजी खाल्ली, मेधाने दोन प्लेट.

प्रबंध मुदतीत गेला. मला त्या प्रवासातलं अजून आठवतं ते मावशींचं विचित्र प्रश्न ऐकल्यासारखं पाहणं. इतकी साधी गोष्ट या पोरीला कशी कळत नाही, असं. प्रबंध देऊन आलो त्या संध्याकाळी मी मेधाला विचारलं, "तू खेळली असतीस तर किती राखले असतेस?"

ती पंख्याखाली पाय लांब करून पडली होती. "पाच वर्षं मी माझे सगळेच या प्रबंधाच्या मडक्यात टाकत आले," ती म्हणाली. "आता थोडे राखीन म्हणते. तुझ्यासाठी पण."