कडी नसलेलं दार

शेजारचे काका मोजकंच बोलतात. ‘पाणी आलं का?’ विचारलं तर ‘नळाला विचारा’ म्हणतात.

त्यांचा तिशीतला मुलगा एकदा बाथरूममध्ये नशेची सुई टोचून बेशुद्ध पडला. तेव्हापासून काकांनी घरातल्या दारांच्या आतल्या कड्याच काढून टाकल्या. मुलानं आंघोळ करताना मोठ्यानं पाढे म्हणायचे आणि काकांनी बाहेर उभं राहायचं. आवाज थांबला की ते दार ढकलायचे.

सध्या मुलगा वाघोलीला व्यसनमुक्ती केंद्रात आहे. परवा आमचं पाणी गेलं, म्हणून मी काकांकडे आंघोळीला गेलो. अंगावर पहिला तांब्या घेतला आणि दारावर टकटक झाली.

“आवाज येऊ दे.”

“काका, मी आहे.”

“माहितीये. म्हण तू.”

मी बे एके बे सुरू केलं. दाराला टेकलेला हात अलगद सुटल्याचं मला ऐकू आलं.