जाळ कमी पडला

ती घटना आठवायला मला फार लांब जावं लागत नाही. दिवेलागणीला रानात कुठे जाळ दिसला, की ती पुढे येऊन उभी राहते.

लढाईचे दिवस होते. बंदरावर बायकांची झडती घ्यायला आम्हा काही जणींना पोलिसांत घेतलं होतं. त्याच सुमारास किनाऱ्यावर मालाची गलबतं लुटली जाऊ लागली. खलाशी मिळत नव्हते, म्हणून व्यापारी राखणीला मिळेल तो माणूस ठेवत. कापडाच्या एका गलबतावर वेल्ह्याच्या डोंगरातले दोघे धनगर भाऊ होते. त्यांना रात्र जागून काढायची सवय आहे, एवढंच व्यापाऱ्याने पाहिलं. खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट पाहत नांगरलेलं असताना ते गलबत लुटलं गेलं. धाकटा भाऊ मारला गेला. थोरला नाहीसा झाला.

गलबताचा प्रमुख, तांडेल, त्या वेळी पाणी भरायला किनाऱ्यावर गेला होता. त्याचा जबाब स्पष्ट होता. "उजेड दाखवायला बंदी, तरी थोरल्याने पुढच्या टोकाला हा एवढा जाळ केला. वर हाका मारीत होता. कोणाला तरी बोलावतच होता ना?"

आधी जाळ, मग हाका, नंतर पळून जाणं. सख्ख्या भावाच्या खुनात सामील म्हणून थोरला फासावर जाणार, असंच सगळ्यांना वाटत होतं.

कापूरहोळच्या एका खबऱ्याने कळवलं, की पायाला चिंध्या गुंडाळलेला एक धनगर भोरकडून येऊन वेल्ह्याच्या वाटेला लागला. मी मूळची भोंगवलीची. तिकडची बोली मला येते, म्हणून जमादारांबरोबर मला पाठवलं. मुलूख भोर संस्थानाचा. भोरच्या ठाण्यात परवानगीचा कागद दाखवला, तिथला एक शिपाई सोबत घेतला आणि वर गेलो. तो आपल्या वस्तीवरच बसला होता. आम्हाला पाहून पळाला नाही. हात आपणहून पुढे केले.

चौकशी भोरच्या ठाण्यात झाली. जमादार माणसाला बोलतं करण्यात मुरलेले. त्यांनी चहा पाजला, दरडावलं, गप्प बसूनही पाहिलं.

"कोणाला बोलावत होतास?"

"जाळ कमी पडला, सायेब."

"मी विचारतोय काय, तू सांगतोयस काय?"

"लाकडं वली व्हती. जाळ मोटा झाला न्हाई. न्हाईतर ते आलं नसतं."

बाहेर आल्यावर जमादार म्हणाले, "बाई, हा तुमच्या मुलखातला. एक तर येडा आहे, नाहीतर आपल्याला येडं करतोय."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी उत्तर थोडं सजवतो. हा एक शब्दही बदलत नव्हता. त्याच्या आईचा जबाब घ्यायला मी पुन्हा वस्तीवर गेले.

म्हातारी मेंढरं कोंडत होती. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "बाया बी पोलिसात घ्याया लागलं? गडी सपलं व्हय?"

"सपलं न्हाईत, आजी. पर त्यास्नी तुमी धोंडं माराल."

"तुला बी मारीन," ती म्हणाली, आणि बसायला घोंगडं टाकलं. "एक पोरगं गेलं. दुसरं त्ये सांगाया चालत घरी आलं, तर त्याला तुमी न्हेलं. आता इचारायचं काय ऱ्हायलं?"

मी घोंगड्यावर बसले. दिवस मावळला. वस्तीवर मेंढरांच्या एकेका वाडग्यापुढे लाकडं पेटली. जवळच्या वाडग्यातून एकाने लांबलचक हाळी दिली. वरच्या टेकाडावरून दुसऱ्याने त्या हाळीला साद दिली. मी म्हातारीकडे पाहिलं.

"वाघरू येतं," ती म्हणाली. "जाळ बगून आन मानसाचा आवाज ऐकून लांब ऱ्हातंय. ल्हानपनापास्नं दोगं ह्येच करीत आलं."

डोंगरात शिकलेली राखण त्याने इमानाने समुद्रावर केली होती. ओरडून तो कोणाला बोलावत नव्हता, हाकलत होता.

ठाण्यात परतल्यावर मी त्याला वेगळं विचारलं. "जाळाच्या उजेडात तुला दिसलं काय?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. लुटारूंतल्या वल्हं मारणाऱ्या एकाच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. त्यांच्या होडीच्या शिडाला तांबडं ठिगळ होतं. एवढ्या खुणांवर किनाऱ्याच्या पोलिसांनी टोळी धरली. टोळीवाल्यांनी कबूल केलं, की अंधारात ते गलबत त्यांना सापडलंच नसतं. जाळाने जागा दाखवली. हाकांवरून जागं कोण आणि कुठे, तेही समजलं.

सुटकेचा हुकूम घेऊन मी भोरला गेले. बाहेर पडताना तो थांबला.

"आक्का, आता खरं सांगा. जाळ मोटा असता तर ते आलं नसतं, न्हवं?"

कोर्टात टोळीविरुद्ध तो साक्षीदार असणार होता. तिथे वकिलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं, असा मी विचार केला.

"जाळ बघूनच ते आले," मी म्हणाले.

"वाघरू भितं," तो म्हणाला. "मानूस न्हाई भीत." मग दारातून वळून म्हणाला, "आयला सांगू नगा."

त्या खटल्यानंतर तांडेलांना ताकीद गेली. नांगरलेल्या गलबतावर उजेड झाकावा, पहारेकरी दोन्ही बाजूंना अंधारात बसवावेत, लोंबते दोर आणि शिड्या वर ओढून घ्याव्यात, नव्या राखणदाराला हे सगळं आधी समजावून सांगावं. शेवटचं कलम मी आग्रहाने घालायला लावलं. त्या दोघा भावांना कोणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं, आणि आम्ही त्याला फितुरी म्हटलं. पुढच्या नोकरीत एखाद्याचं वागणं चमत्कारिक वाटलं, की मी आधी त्याचं घर पाहून येत असे.

खटला उभा राहण्याआधी साक्षीचं समन्स द्यायला मी पुन्हा वर गेले होते. थोरला पाण्याला गेला होता. संध्याकाळ झाली, वाडग्यांपुढे जाळ लागले. त्याच्या वाडग्यापुढे काळोख होता.

"लावू देत न्हाई," म्हातारी म्हणाली. "वाघरानं कोकरं न्हेली, तरी न्हाई. का, ते बी सांगत न्हाई. तू पोलीस हायेस, तूच इचार की."

तो पाणी घेऊन आला. मी समन्सावर त्याचा अंगठा घेतला, आणि काही न विचारता वाट दिसतेय तोवर डोंगर उतरले.