शालनचा हात आणि फुलपात्रभर पाणी

शालनला जीपमधून उतरवलं तेव्हा तिचे ओठ कोरडे पडून तडकले होते. डोळे उघडे होते, पण ती ओळख देत नव्हती. मागून तिची सासू हौसाक्का उतरली. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "तुमच्या त्या भितीला हात लावायच्या व्यायामानं केलं बगा ह्ये."

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी सांगलीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपीच्या खोलीत मदतनीस होते. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामानं आणि शेकानं अवयव पुन्हा चालता करणं. शालन पलूसकडची. छातीत कॅन्सरची गाठ निघाली म्हणून तिची एक बाजू काढली होती. या ऑपरेशनमध्ये काखेतल्या मूळच्या बारीक गाठीही काढतात. त्या गाठींतूनच हातातलं पाणी परत अंगात जात असतं. ती वाट गेली की हात सुजतो. हलवला नाही तर खांदाही आखडतो.

त्याआधीच्या हिवाळ्यात पुण्याहून एक ट्रेनर बाई आल्या होत्या. सकाळी त्यांनी मैदानावर कबड्डीच्या पोरींना पाणी कसं प्यायचं ते शिकवलं. तहान लागायची वाट बघायची नाही. घाम आला की घोटघोट पाणी, त्यात मीठ, साखर, लिंबू. दुपारी आम्हाला कॅन्सरमधून उठलेल्या बायकांचे व्यायाम शिकवले. बाई म्हणाल्या, "सकाळचं पाणी या बायकांनाही लागू आहे. उन्हात अंग हलवणारा प्रत्येकजण खेळाडूच." बाकीच्यांनी सगळं लिहून घेतलं. माझं लिहिणं हळू, म्हणून मी हातानंच पाठ केलं. मग बाईंनी मलाच पुढं बोलावून करून दाखवायला लावलं. भिंतीकडे तोंड करून बोटं वर वर चढवायची होती. लोकांकडे बघावं लागलं नाही, ते एक बरं झालं.

तोच व्यायाम मी शालनला शिकवला. ती दात आवळून करायची.

"मावशी, हात डोक्याच्या वर जायाच पायजे," ती म्हणायची. "द्राक्षबागंत सगळं काम वरच्या अंगाला असतंय. हात न्हाई गेला तर मला कोन बोलावतंय? घरात नुसती बसून खानारी झाले, की मग..." आणि बोटं पुन्हा भिंतीवर चढवायची.

घरी जाताना तिची बोटं कपाळाच्या वर पोचत होती. व्यायाम आणि पाणी, दोन्ही मी तिला बजावून सांगितलं. त्याच दिवशी राउंडला डॉक्टर हौसाक्काला म्हणाले, "हातात थोडं पाणी धरलंय. लक्ष ठेवा." हौसाक्कानं मान हलवली. डॉक्टर पुढच्या कॉटकडे गेले.

आता उन्हाळ्यात ती अशी परत आली होती. डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं. बाटली टांगल्याबरोबर हौसाक्कानं तिचा स्टँडच धरला.

"सायेब, आनिक पानी घालताय? हात फुटंल की तिचा. आमी घरात पानी आवळलंय, तरी सूज उतरंना."

"आवळलंय म्हणजे?"

"सकाळी फुलपात्रभर, सांजला फुलपात्रभर. मीबी तेवढंच पीत हुते. तिला एकटीला कशी तहानंली ठेवायची?"

"आणि व्यायाम?"

"त्यो चुकवत न्हाई ती. दुपारी गोठ्याच्या मागं जाती, पत्र्याला हात लावून करती. गडीमानसं तवा रानात असत्यात."

एप्रिलच्या उन्हातला तो पत्रा माझ्या डोळ्यांपुढं आला. डॉक्टर ओरडले, "खुळ्या का काय तुम्ही?"

"तुमीच म्हनला हुता हातात पानी हाय. माजं काय चुकलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "मावशी, समजवा यांना," म्हणून नर्सकडे वळले.

मला बोलायला जमत नाही. तरी म्हणाले, "आवं हौसाक्का, पाट तुंबला की पानी वाफ्यात साचतंय का न्हाई? मग हीर उपसून पाट मोकळा हुतोय व्हय?"

"मग पाट मोकळा करा की."

"त्यो मोकळा हुईत न्हाई. हात हालवत ऱ्हायचं, म्हंजे कडंकडंनं थोडं झिरपतंय. तेवढंच."

"मग एवढा मोटा दवाखाना कशाला बांदलाय?" ती म्हणाली. तिनं स्टँड सोडला आणि खाली फरशीवर बसली. नर्सनं तिला पाणी दिलं. ते तिनं कितीतरी वेळ हातातच धरून ठेवलं.

शालनची लघवी बंद पडली होती. किडनीचं काय होतंय या काळजीत सगळे होते. ती हळूहळू सुधारली. घरी जाताना डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, व्यायाम तूर्त बंद. तिच्या नवऱ्यानं वाचून घेतलं आणि त्यातलं बंद तेवढं लक्षात ठेवलं. "मरता मरता वाचली. आता भितीला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. शालन माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांच्या कागदापुढं मी काय बोलणार?

पुढच्या तपासणीला ती आलीच नाही. व्यायाम करून बाई पडली, एवढंच तिकडच्या गावांतून पसरलं. त्या बाजूच्या बायका आमच्या खोलीत यायच्या बंद झाल्या. खोली पुष्कळदा रिकामीच असायची.

दिवाळीनंतर शालन आली. हात सुजलेला आणि आखडलेला, खांद्याच्या वर जात नव्हता. मी धरून उचलायला गेले, तर ती कळवळली.

"बेदाना निवडायला जाते," ती म्हणाली. "म्हाताऱ्या बायकांत बसते. बागंत न्हाई बोलावत कोन."

हौसाक्कानं पिशवीतनं बाटली काढली. "पी. उनाची आलीयास." शालन दुसऱ्या हातानं बाटली घेऊन प्याली. पाण्याला आता कुणाची मनाई नव्हती.

त्यानंतर मी एक रीत ठेवली. व्यायाम दाखवायच्या आधी विचारायचं, घरात हिच्या खाण्यापिण्याचं कोण बघतं? मग त्या बाईला आत बोलवायचं आणि दोघींना एकदम सांगायचं. त्याआधी आमच्या खोलीत नातेवाईकांना येऊ देत नसत. शालन शिकत होती ते सगळे दिवस हौसाक्का दाराबाहेर बाकावर बसून होती.