मुरलेला भुसा

आमच्या उस्तादांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, इराणातल्या आमच्या यझद शहरातले अर्धे घुमट लिंपलेत. नाव यदुल्ला. त्यांच्या चिखलात गव्हाचा भुसा असतो, आणि तो आठ दिवस मुरतो. रोज पाणी मारायचं, रोज अनवाणी तुडवायचं. वास सुटतो, सुटू दे की! भुसा कुजायला लागला की मातीला धरतो, मग गिलावा तडकत नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

नव्हतं ते फक्त सरकारी इंजिनिअर कामयारला. मोहल्ल्याच्या जुन्या हौदाचा घुमट लिंपायचा होता. चिखल मुरत घातल्याच्या सहाव्या दिवशी हा नाकाला रुमाल लावून आला. "उस्ताद, पर्यटक येतात इथं. ही घाण फेका. ताजा चिखल कालवा, संध्याकाळपर्यंत लावून टाका."

"ताजा भुसा माती धरत नाही, बेटा. गळून पडेल सगळं."

"मी शिकून आलोय ना?"

शिकून आला म्हणे! उस्तादांनी थापी खाली ठेवली आणि घरी आले. कामयारने दुसरे गडी लावून ताजाच चिखल थापून घेतला. हिवाळ्यात दोन पाऊस झाले अन् अख्खा गिलावा खाली. आणि अहवालात काय लिहावं मेल्यानं? 'कारागीर यदुल्ला यांचा चिखल निकृष्ट. यापुढे जुन्या वास्तूंचं काम देऊ नये.' चाळीस वर्षांची अब्रू एका ओळीत धुळीला मिळवली!

उस्ताद त्या गिलाव्याचं ढेकूळ घेऊन कचेरीत गेले. सोबत आमच्या छपराचंही एक. कामयारच्या वरच्या साहेबांसमोर दोन्ही फोडली. घुमटाच्या ढेकळातला भुसा अलगद निघून आला, कोरा करकरीत. आमच्यातला तुटला, पण माती सोडली नाही. साहेब म्हणाले, "पटलं, उस्ताद. पण अहवाल वर गेला." वर गेला म्हणजे काय मेला, की परत येत नाही?

परवा दुपारी दार वाजलं. कामयार! आईचं छप्पर गळतंय म्हणे.

"आणि वास?" मी विचारलं.

"चालेल, खाला." आता मी याची मावशी झाले! "पंधरा दिवस मुरवा."

मी दार लावणार, तेवढ्यात उस्तादांनी फावडं उचललं. "त्या म्हातारीनं काय घोडं मारलंय माझं?"

निघताना हा माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "खाला, कचेरीत कळू देऊ नका हं."

नाही कळू देणार, मुडद्या. कचेरीत ऐकतंय कोण? मी रोटीच्या रांगेत सांगते, रोज सकाळी, तुझ्या नावानिशी.